शिक्षकांची चारित्र्य पडताळणी: शाळेत नेमण्याआधी काय तपासलं जातं आणि काय सुटून जातं?

२० ऑगस्ट २०२४. बदलापुरात सकाळी शाळेबाहेर जमलेले संतप्त पालक आणि नागरिक थेट रेल्वे रुळांवर उतरले. जवळपास दहा तास लोकल वाहतूक ठप्प होती. शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचा आरोप होता आणि गुन्हा नोंदवून घ्यायला उशीर झाल्याचा राग होता. अटक झालेला आरोपी शाळेतला सफाई कर्मचारी होता. तो कंत्राटी पद्धतीने, त्याच महिन्यात कामाला लागला होता.

त्या दिवसापासून महाराष्ट्रातल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक प्रश्न सतत फिरतो आहे. आपल्या मुलांच्या शाळेत काम करणाऱ्या माणसांची माहिती कुणी तपासली आहे का?

शिक्षक असोत, शिपाई असोत की बसचे काका, नेमणुकीआधी त्यांची पडताळणी करणं बंधनकारक आहे का? पोलीस नेमकं काय बघतात? 'चारित्र्य चांगले' असा कागद मिळाला की मुलं सुरक्षित झाली, असं मानायचं का? एकेक मुद्दा समजून घेऊया.

पडताळणी म्हणजे नेमकं काय?

बोलताना आपण सगळ्याला 'पोलीस व्हेरिफिकेशन' म्हणतो. खरं तर यात किमान चार वेगवेगळ्या गोष्टी येतात.

पहिली, ओळख आणि पत्ता. माणूस सांगतो तोच आहे का, सांगतो तिथेच राहतो का?

दुसरी, शिक्षण आणि पात्रता. डी.एड., बी.एड., टीईटीची प्रमाणपत्रं खरी आहेत का?

तिसरी, गुन्हेगारी पार्श्वभूमी. त्याच्यावर गुन्हा दाखल आहे का, खटला चालू आहे का, शिक्षा झाली आहे का?

चौथी, आधीच्या नोकरीचा इतिहास. आधीची शाळा का सोडली? तिथे तक्रार होती का? मधली दोन वर्षं कुठे होता?

पोलिसांचा संबंध प्रामुख्याने पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीशी येतो. दुसरी आणि चौथी तपासणं हे शाळेचं, संस्थेचं आणि शिक्षण विभागाचं काम आहे. घोळ होतो तो इथेच. पोलिसांचा कागद आला की चारही गोष्टी तपासून झाल्या, असं गृहीत धरलं जातं.

कायदा काय सांगतो?

लहान मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून देशात लागू आहे. या कायद्याखालचे नवे नियम मार्च २०२० मध्ये आले. पडताळणीबाबतची सगळ्यात स्पष्ट तरतूद या नियमांत आहे, पण तिची चर्चा फारच कमी होते.

या नियमांनुसार शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादमी अशा मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमी तपासणी करून घ्यायची आहे. त्यातले तीन मुद्दे महत्त्वाचे आहेत.

• ही तपासणी फक्त शिक्षकांची नाही. शिक्षक असो वा शिक्षकेतर, कायम असो वा कंत्राटी, मुलांशी संपर्क येणारा प्रत्येक कर्मचारी त्यात येतो.

• ती एकदाच करून भागत नाही. ठरावीक काळाने पुन्हा करायची आहे.

• कर्मचाऱ्यांना बालसुरक्षेचं प्रशिक्षण देण्याची जबाबदारीही संस्थेचीच आहे.

म्हणजे बदलापूरच्या घटनेआधी चार वर्षांपासून हा नियम अस्तित्वात होता. प्रश्न अंमलबजावणीचा होता.

शिक्षकाचं स्थान कायद्याने वेगळं मानलं आहे. शैक्षणिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा कर्मचारी वर्गातल्या व्यक्तीने तिथल्या मुलावर अत्याचार केला, तर पोक्सोखाली तो अधिक गंभीर स्वरूपाचा गुन्हा ठरतो आणि शिक्षाही वाढते. मुलाने ज्याच्यावर विश्वास ठेवावा असं समाज शिकवतो, त्यानेच विश्वासघात केला तर गुन्हा मोठा, असा त्यामागचा विचार आहे.

बदलापूरनंतर महाराष्ट्रात काय बदललं?

आंदोलनाच्या दुसऱ्याच दिवशी, २१ ऑगस्ट २०२४ ला शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. शाळांमध्ये सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती अशा गोष्टींसोबत त्यात कर्मचाऱ्यांच्या तपासणीचा ठळक उल्लेख आहे. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, मदतनीस, स्कूल बसचालक असे बाह्यस्रोतातून किंवा कंत्राटावर घेतलेले कर्मचारी असतील, तर त्यांचा चारित्र्य पडताळणी अहवाल स्थानिक पोलिसांकडून घ्यावा, असं त्यात म्हटलं आहे. सहावीपर्यंतच्या मुलामुलींसाठी शक्यतो महिला कर्मचारी नेमाव्यात आणि गैरप्रकार लक्षात आल्यास २४ तासांत वरिष्ठांना कळवावं, अशाही सूचना आहेत.

मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. शाळांतल्या सुरक्षेचे उपाय सुचवण्यासाठी समिती नेमण्यात आली. निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्याकडे तिची धुरा होती. निवृत्त आयपीएस अधिकारी मीरा बोरवणकर यांचाही तिच्यात समावेश होता. समितीच्या शिफारशींनंतर मे २०२५ मध्ये राज्य सरकारने पुन्हा शासन निर्णय काढून शाळांची जबाबदारी अधिक तपशिलात मांडली.

बदलापूरच्या प्रकरणात संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदवला गेला, कारण घटना कळूनही पोलिसांना न कळवणं हा पोक्सोखाली स्वतंत्र गुन्हा आहे. मुख्य आरोपीचा सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू झाला. त्यामुळे त्याच्यावरचे आरोप न्यायालयात शेवटपर्यंत तपासलेच गेले नाहीत.

पोलीस नेमकं काय तपासतात?

महाराष्ट्रात चारित्र्य पडताळणीसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. अर्जदाराला फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, नोकरीसाठी असेल तर संबंधित कागदपत्रं जोडावी लागतात. अर्ज राहत्या ठिकाणच्या पोलीस ठाण्याकडे जातो. तिथे पत्त्याची खातरजमा होते आणि त्या नावावर गुन्हे नोंद आहेत का, हे पाहिलं जातं. देशभरातली पोलीस ठाणी सीसीटीएनएस या संगणकीय जाळ्याने जोडली गेल्याने इतर ठिकाणच्या नोंदीही शोधता येतात.

याशिवाय सप्टेंबर २०१८ पासून लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांची राष्ट्रीय माहितीसूची आहे. सुरू झाली तेव्हाच तिच्यात ४ लाखांहून अधिक नोंदी होत्या. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग, म्हणजे एनसीआरबी, ती सांभाळतो. पण ही सूची फक्त तपास यंत्रणांना बघता येते. मुख्याध्यापकांना किंवा पालकांना नाव टाकून शोधता येत नाही. म्हणूनच शाळेने पोलिसांमार्फत पडताळणी करून घेणं अपरिहार्य ठरतं.

मग सुटतं काय?

पोलिसांचा अहवाल म्हणजे त्या दिवसापर्यंतच्या नोंदींचा आरसा. नोंदच झाली नसेल तर आरशात काहीच दिसणार नाही.

मुलांवरचे अत्याचार अनेकदा पोलिसांपर्यंत पोहोचतच नाहीत. मूल घाबरतं, घरचे 'नाव खराब होईल' म्हणून गप्प बसतात, संस्था प्रकरण 'आपापसात' मिटवते. संबंधित शिक्षक राजीनामा देतो, कधी कधी चांगल्या वर्तणुकीचा दाखलाही घेतो आणि पुढच्या तालुक्यातल्या शाळेत रुजू होतो. त्याचा पोलीस अहवाल कोरा असतो.

दुसरी अडचण नाव आणि पत्त्याची. वेगवेगळ्या राज्यांत राहिलेला माणूस, नावाचं वेगळं स्पेलिंग, आडनावातला बदल यामुळे जुनी नोंद सापडत नाही.

तिसरी अडचण कंत्राटदाराची. शाळा एजन्सीला काम देते, एजन्सी माणूस पाठवते, तो आठवड्याने बदलतो. ज्याचा कागद फाइलमध्ये आहे तोच माणूस गेटवर उभा आहे का, हे कुणी बघत नाही.

चौथी, पूर्वप्राथमिक वर्गांची. गल्लोगल्ली सुरू झालेले प्लेग्रुप आणि नर्सरी वर्षानुवर्षं शिक्षण विभागाच्या थेट नियंत्रणाबाहेर राहिले. सगळ्यात लहान, बोलून सांगू न शकणारी मुलं तिथेच असतात.

पात्रतेची तपासणी: टीईटीने दिलेला धडा

पडताळणी म्हणजे फक्त गुन्हे शोधणं नाही. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या शिक्षक पात्रता परीक्षेत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं पुणे सायबर पोलिसांच्या तपासात पुढे आलं. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य परीक्षा परिषदेने ७ हजार ८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई केली. त्यातले काही जण तोवर शाळांमध्ये शिकवतही होते. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडी तयार करून शिक्षकांच्या नावाने पगार काढल्याचं प्रकरण गाजलं आणि शिक्षण विभागातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली.

या दोन्ही प्रकरणांत संशयाच्या भोवऱ्यात तपासणी करणारी व्यवस्थाच होती. त्यामुळे शाळेने उमेदवाराने आणलेल्या झेरॉक्सवर न थांबता, प्रमाणपत्र देणाऱ्या विद्यापीठाकडून किंवा परिषदेकडून थेट खात्री करून घेणं गरजेचं आहे.

इतर देश काय करतात?

ब्रिटनमधली आजची व्यवस्था एका भीषण घटनेतून उभी राहिली. ऑगस्ट २००२ मध्ये सोहम या गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी इयन हंटली हा तिथल्याच एका शाळेत केअरटेकर होता. त्याच्याविरुद्ध आधी दुसऱ्या भागात अल्पवयीन मुलींबाबत अनेक तक्रारी आल्या होत्या, पण त्यांत शिक्षा झाली नव्हती. नोकरीच्या वेळी त्याने वेगळं आडनाव वापरलं आणि पोलिसांची तपासणी तेवढ्याच नावावर झाली. अहवाल कोरा आला.

सर मायकल बिचर्ड यांच्या चौकशी अहवालानंतर २००६ मध्ये कायदा झाला. पुढे २०१२ मध्ये डीबीएस ही यंत्रणा आली. शाळेत काम करणाऱ्यांच्या सविस्तर तपासणीत शिक्षेसोबतच, पोलिसांना महत्त्वाची वाटलेली इतर माहितीही कळवता येते. मुलांसोबत काम करण्यास मनाई असलेल्यांची यादी असते. शाळेला सगळ्या कर्मचाऱ्यांच्या तपासण्यांची एकत्र नोंदवही ठेवावी लागते आणि आधीच्या मालकाकडून संदर्भ मागवावे लागतात.

ऑस्ट्रेलियात राज्याराज्यांत 'मुलांसोबत काम करण्याचा परवाना' घ्यावा लागतो. तिथे राहणाऱ्या मराठी पालकांना याचा अनुभव असतो, कारण अनेक ठिकाणी स्वयंसेवक म्हणून काम करायलाही असा परवाना लागतो.

अमेरिकेत तक्रार असलेल्या शिक्षकाला गुपचूप दुसऱ्या शाळेत पाठवण्याच्या प्रकाराला तोंड देण्यासाठी २०१५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्यात तरतूद आली. मुलांशी लैंगिक गैरवर्तन केल्याची माहिती असताना अशा व्यक्तीला नवी नोकरी मिळवून द्यायला मदत करू नये, असं ती सांगते. पेनसिल्व्हेनियाने २०१४ मध्येच कायदा करून नव्या शाळेने जुन्या शाळांकडे विचारणा करणं सक्तीचं केलं. जपाननेही जून २०२४ मध्ये ब्रिटनच्या धर्तीवर कायदा संमत केला.

भारतात शाळेला थेट तपासता येईल अशी 'मनाई यादी' नाही. शिक्षकाचा परवाना रद्द करता येईल अशी देशव्यापी परवाना पद्धतही नाही. एका शाळेने काढून टाकलेला माणूस दुसऱ्या शाळेला कळण्याचा मार्ग म्हणजे फोन करून विचारणं. तो फोन बहुतेक वेळा होत नाही.

निर्दोष शिक्षकाचं काय?

ही बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्राममधल्या एका खाजगी शाळेत सात वर्षांच्या विद्यार्थ्याचा खून झाला. पोलिसांनी शाळेच्या बसच्या कंडक्टरला पकडलं आणि देशभर संताप उसळला. अवघ्या काही दिवसांत सीबीएसईने परिपत्रक काढून संलग्न शाळांना सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि मानसशास्त्रीय चाचणी करायला सांगितलं. पुढे तपास सीबीआयकडे गेला. सीबीआयने त्याच शाळेतल्या अकरावीच्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं आणि कंडक्टरला न्यायालयाने आरोपांतून मुक्त केलं. तोवर गरीब घरातल्या त्या माणसाने तुरुंगवास आणि बदनामी दोन्ही सोसलं होतं.

म्हणून तक्रार, गुन्हा दाखल होणं, आरोपपत्र आणि शिक्षा यांतला फरक समजून घ्यायला हवा. एखाद्या आंदोलनात नाव आलं म्हणून दाखल झालेला जमावबंदीचा गुन्हा आणि मुलाच्या छळाचा गुन्हा एका मापाने मोजता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये याबाबत दिशा दिली आहे. उमेदवाराने माहिती दडवू नये आणि नोकरी देणाऱ्याने गुन्ह्याचं स्वरूप, निकाल आणि पदाची जबाबदारी बघून निर्णय घ्यावा, असा त्याचा आशय आहे.

नोंद सापडली तर उमेदवाराला म्हणणं मांडायची संधी द्यावी आणि ती माहिती गोपनीय राहावी. स्टाफरूममध्ये चर्चेचा विषय झाली, तर पडताळणीचा उद्देशच हरवतो.

फक्त पडताळणी पुरेशी आहे का?

नाही. एनसीआरबीच्या अहवालांत पोक्सोखालच्या बलात्काराच्या प्रकरणांत साधारण ९५ टक्के किंवा त्याहून जास्त वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचाच असल्याचं दिसतं. पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याला कुठलीही पडताळणी पकडू शकत नाही.

म्हणून पडताळणी हे पहिलं दार आहे. त्यापुढे आणखी दारं लागतात. नव्या कर्मचाऱ्याला सुरुवातीचे महिने देखरेखीखाली ठेवणं. एकट्या मुलासोबत बंद खोलीत कुणी थांबणार नाही असा नियम. लहान मुलींना स्वच्छतागृहात नेण्याचं काम महिला सेविकेकडेच. सीसीटीव्ही चालू आहे का, हे दर आठवड्याला बघणं. आणि मूल काही सांगत असेल तर 'असं बोलू नये' न म्हणता ऐकून घेणं.

पालकांनी शाळेला काय विचारावं?

पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हे प्रश्न शांतपणे, लेखी विचारता येतात.

१. शिक्षक, शिपाई, मावशी, सुरक्षारक्षक, बसचालक या सगळ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का? शेवटची कधी झाली?

२. कंत्राटी माणूस बदलला तर नव्याची पडताळणी होईपर्यंत त्याला आत घेतात का?

३. नेमणुकीआधी मागच्या शाळेशी कोण बोलतं? त्याची नोंद ठेवली जाते का?

४. शिकवणी, नृत्य, कराटे यांसाठी बाहेरून येणाऱ्यांना हाच नियम आहे का?

५. सखी सावित्री समितीत कोण आहे आणि तक्रारपेटी कोण उघडतं?

एखाद्या कर्मचाऱ्याचा अहवाल बघायला मिळावा, असा आग्रह धरू नका. ती त्याची खाजगी माहिती आहे. पडताळणी झाली आहे की नाही, हे सांगणं मात्र शाळेला जड जाऊ नये. 'आमच्यावर विश्वास नाही का?' हे या प्रश्नांचं उत्तर होऊ शकत नाही.

संशय आला तर काय करायचं आणि काय टाळायचं?

मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली, तर पोलिसांना कळवणं प्रत्येक नागरिकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर ही शिक्षा एक वर्षापर्यंत जाते. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आणि आपत्कालीन क्रमांक ११२ चोवीस तास सुरू असतात. 'आधी शाळेची अंतर्गत चौकशी होऊ द्या' असं कुणी सांगितलं, तरी थांबायची गरज नाही.

आता सोशल मीडियाबद्दल. पीडित मुलाची ओळख उघड होईल अशी माहिती माध्यमांतून प्रसिद्ध करणं पोक्सोखाली गुन्हा आहे. त्यात फक्त नाव आणि फोटो येत नाही, तर पत्ता, कुटुंबाचा तपशील, शाळा आणि परिसरही येतो. म्हणजे 'आपल्या भागातल्या अमुक शाळेत तमुक वर्गात' अशी पोस्ट चांगल्या हेतूने फॉरवर्ड केली, तरी ती अंगाशी येऊ शकते. ज्याच्यावर नुसता संशय आहे अशा शिक्षकाचा फोटो व्हायरल केला आणि तो निर्दोष निघाला, तर गुरुग्रामच्या कंडक्टरचं झालं तेच होईल. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा नाही, तो पोलिसांना द्यायचा.

बदलापूरच्या आधीही नियम होता आणि आताही शासन निर्णय आहे. फरक पडेल तो जूनमध्ये शाळा उघडताना मुख्याध्यापकांच्या टेबलावर ही फाइल खरोखर उघडली गेली तर. आणि ती उघडली जाते की नाही, हे विचारणारा पहिला माणूस पालकच असू शकतो.